टोयोटा चेसर (जेझेडएक्स१००): बूस्टवर इंजिन भकभकते आणि वर गेल्यावर एकदम तुटते. आधी काय तपासावे?

उदकवारा (ऑकलंड)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे जपानहून वापरलेली आलेली १९९८ सालची चेसर टूरर व्ही आहे. इंजिन १जेझेड-जीटीई, व्हीव्हीटी-आय आवृत्ती, अडीच लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, एकच टर्बो आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने तीन इंची मोकळा एक्झॉस्ट बसवलेला होता. मी त्यात पुढच्या बंपरमागे बसणारा मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) आणि इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर (टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवणारा) यांची भर घातली. कंपनीचा मूळ दाब ०.७ बारच्या आसपास असतो, मी तो ०.९ वर ठेवला आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मूळचाच आहे.

तक्रार अशी की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की ४५०० फेऱ्यांच्या सुमारास, म्हणजे ताशी शंभरच्या आतच, इंजिन भकभकते, बारीक बारीक झटके खाते आणि पाय थोडा उचलला की पुन्हा सुरळीत चालते. शिवाय थंडीच्या रात्री दुसऱ्या गिअरमध्ये ६००० च्या पुढे गेल्यावर कोणी चावी बंद करावी तसे इंजिन क्षणभर मरते आणि डोके पुढे आपटते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. संथ चालवताना गाडी लोण्यासारखी चालते.

इथल्या गॅरेजवाल्याचे मत असे पडले की मोठा इंधन पंप आणि फ्युएल कट डिफेंडर (ईसीयूला इंधन तोडू न देणारे उपकरण) बसवून मोकळे व्हावे. पैसे घालण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

हातोडा (नाशिक)

गाडीचे फोटो पाहून जीव जळला. एक बाळबोध शंका विचारतो. जपानी गाड्यांना ताशी १८० किलोमीटरचा अटकाव असतो असे वाचले आहे, तो तर मध्ये येत नाही ना?

उदकवारा (ऑकलंड)

तो अटकाव असतो हे खरे, पण इथे तक्रार शंभरच्या आतली आहे, त्यामुळे त्याचा संबंध नाही.

फीलरगेज (पुणे)

मी इंजिन टेस्ट सेलमध्ये काम करतो. जपानी टर्बो गाडी हाताळण्याचा योग क्वचित येतो, पण दाबाखाली इंजिन कसे वागते याचे नियम सगळीकडे सारखेच असतात.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही एका तक्रारीच्या नावाखाली दोन वेगळ्या तक्रारी सांगत आहात. बारीक झटके देत भकभकणे, पाय उचलताच सावरणे आणि फेऱ्यांपेक्षा भारावर अवलंबून असणे, ही ठिणगी विझण्याची लक्षणे आहेत. चावी बंद केल्यासारखे सगळ्या सिलिंडरांनी एकदम मरणे आणि लगेच जिवंत होणे, हा ईसीयूने जाणूनबुजून तोडलेला इंधनपुरवठा आहे. पहिल्यात यंत्र थकलेले आहे, दुसऱ्यात यंत्र शहाणपणाने स्वतःला वाचवते आहे. दोन्ही तक्रारी थंड हवेत वाढतात, कारण थंड हवा दाट असते, आणि त्यामुळेच माणसे त्यांना एकच समजतात.

ठिणगीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. प्लगच्या दोन टोकांमधली हवा जितकी दाट, तितका ती फोडून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतो. ०.७ वरून ०.९ बारवर जाताना सिलिंडरमधली हवा साधारण बारा टक्क्यांनी वाढते, आणि मोठ्या इंटरकूलरमुळे ती आणखी दाट होते. म्हणजे कॉइलवरची मागणी तुम्ही दोन बाजूंनी वाढवली आहे, आणि कॉइल मात्र पंचवीस वर्षांहून जुनी आहे. व्हीव्हीटी-आय १जेझेडमध्ये सहा सिलिंडरांना तीनच कॉइल असतात. एक कॉइल दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते, त्यातली एक कामाची आणि दुसरी वाया जाणारी असते. कॉइल थेट एका प्लगवर बसते आणि जोडीच्या प्लगकडे वायर जाते. त्यामुळे जोडीतले दोन्ही सिलिंडर मिसफायर करत असतील (मिश्रण पेटत नसेल) तर कॉइलवर संशय घ्यावा, एकच करत असेल तर वायर, रबरी बूट (प्लगवर बसणारी रबरी टोपी) किंवा प्लग पाहावा.

आता माझे प्रश्न. प्लग कोणते आहेत आणि गॅप किती आहे? प्लगच्या विहिरींमध्ये (प्लग ज्यांच्या तळाशी बसतात त्या खोल भोकांमध्ये) तेल आहे का? बूस्ट मीटरची नळी कुठून घेतली आहे? पेट्रोल कोणते भरता?

फ्युएल कट डिफेंडरचा विचार तूर्त सोडून द्या, कारण नंतर सांगतो.

शेवंती (मेलबर्न)

वरील प्रतिसादाशी सहमत. त्यात एका तपासणीची भर घालते, कारण नवा इंटरकूलर बसवला म्हणजे नव्या नळ्या, नवे सांधे आणि नव्या क्लॅम्प आल्याच.

टर्बोच्या तोंडाशी, फिल्टर काढून, एक टोपण बसवावे. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावून रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू एक बारपर्यंत हवा भरावी. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी मारत जावे. माझ्या सुबारू इम्प्रेझामध्ये (जीसी८) इंटरकूलरच्या खालच्या बाजूच्या सिलिकॉन नळीला नखाएवढी चीर होती. ती हाताने चाचपून सापडत नव्हती, पण ०.६ बारला तिथून फेसाचा गोळा फुगून बाहेर आला. दाब देताना ऑइल फिलरचे झाकण सैल ठेवा, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब साठून सील उडतात.

मात्र माझ्या गाडीत आणि तुमच्या गाडीत एक मोठा फरक आहे. जीसी८ मध्ये, किंवा निसानच्या आरबी२५ मध्ये, आत येणारी हवा एअरफ्लो मीटर मोजतो. मोजलेली हवा वाटेत गळाली तरी ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण घट्ट होते (पेट्रोल जास्त, हवा कमी), काळा धूर येतो आणि गाडी भकभकते. १जेझेड व्हीव्हीटी-आयला एअरफ्लो मीटर नाही, ते मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजते. त्यामुळे गळती झाली तरी मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त तेवढाच दाब गाठायला टर्बोला जास्त पळावे लागते. म्हणून इतर गाड्यांच्या धाग्यांवरचे ‘गळती असेल म्हणून भकभकते’ हे निदान तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाही. तपासणी तरीही करा, पण टर्बोच्या काळजीपोटी.

उदकवारा (ऑकलंड)

दोघांचेही आभार. प्लगचा गॅप फीलर गेजने मोजला, तो १.१ मिलिमीटर आहे, म्हणजे कंपनीचाच. पेट्रोल ९८ ऑक्टेनचे. बूस्ट मीटरची नळी इनटेक मॅनिफोल्डवरून घेतली आहे.

विहिरींबद्दलचा प्रश्न अचूक निघाला. दोन कॅम कव्हरांच्या मधले प्लास्टिकचे आवरण काढले तर मागच्या दोन विहिरींत तेल साठलेले होते. एका बुटाचे रबर तेल पिऊन इतके फुगले होते की बूट ओढताना त्याचा खालचा तुकडा प्लगवरच राहिला. त्या बुटाच्या आतल्या बाजूला केसासारखी बारीक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली दिसते.

फीलरगेज (पुणे)

ती पांढरी रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली आडवाट. गॅप ओलांडण्यापेक्षा बुटाच्या कडेने सिलिंडर हेडला जाऊन मिळणे तिला सोपे पडते. भार कमी असताना गॅप सोपा असतो म्हणून गाडी लोण्यासारखी चालते, आणि बूस्ट वाढला की ठिणगी आडवाटेने पळते. एकदा अशी वाट पडली की बूट पुसून उपयोग नाही, तो बदलावाच लागतो.

क्रम असा ठेवा: दोन्ही कॅम कव्हरांचे गॅस्केट बदला, कारण तेल तिथूनच उतरते. सगळे बूट आणि तिन्ही वायर नव्या घाला. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या आणि गॅप ०.८ ठेवा. एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे ६ असेल तर ७. जपानी टर्बो गाड्यांना जास्त दाबावर हा साधा बदल बहुतेक वेळा पुरतो. गॅप याहून कमी करण्याचा मोह टाळा, कारण फार कमी गॅपने संथ चालताना ज्योत नीट पेटत नाही.

आणि एक इशारा, कारण यात भली भली मंडळी फसतात. तुमच्या गॅरेजवाल्याने एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावून ‘मिश्रण पातळ आहे, पंप लहान पडतो’ असे सांगितले असेल तर त्याला विचारा की मोजताना इंजिन भकभकत होते का. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजतो. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधली सगळी हवा न जळता बाहेर येते, सेन्सरला प्राणवायू दिसतो आणि काटा पातळ मिश्रणाकडे जातो. मग माणूस पेट्रोल वाढवतो, जास्त घट्ट मिश्रण पेटायला आणखी अवघड होते आणि मिसफायर वाढतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आधी ठिणगी पक्की करायची, मग मिश्रण मोजायचे.

पंपावर संशय असेल तर इंधनाच्या रेलवर प्रेशर गेज लावा. बूस्ट जितका वाढतो तितकाच रेलमधला दाब वाढला पाहिजे. ०.९ बार बूस्टला मूळ दाब अधिक ०.९ दिसत असेल तर पंप आणि फिल्टर दोघेही निर्दोष आहेत. वर जाताना हा दाब मागे पडू लागला तर मात्र पाय लगेच उचलावा.

उदकवारा (ऑकलंड)

तुमचा अंदाज बरोबर आहे, वाइडबँडचे ते माप भकभकतानाच घेतलेले होते. रेलवर गेज लावून पाहतो.

जुना फिटर (वेलिंग्टन)

धागा उशिरा पाहिला. मी इथे बरीच वर्षे टर्बो उघडण्या-जोडण्याचे काम केले आहे. दुसऱ्या तक्रारीबद्दल, म्हणजे इंधन तुटण्याबद्दल, अजून कोणी सविस्तर बोललेले नाही, म्हणून लिहितो.

या इंजिनावर सीटी१५बी टर्बो असतो आणि त्याचे एक्झॉस्टकडचे चाक धातूचे नसून सिरॅमिकचे, म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचे असते. निसानने १९८५ साली फेअरलेडी झेडवर सिरॅमिक चाकाचा टर्बो आणला आणि नंतर जपानमध्ये ती रीतच पडली. चाक हलके असल्यामुळे टर्बो लवकर फिरू लागतो, आणि या इंजिनाचा कमाल टॉर्क २४०० फेऱ्यांनाच मिळतो त्याचे श्रेय काही अंशी त्या हलकेपणाला आहे. पण सिरॅमिक वाकत नाही, फुटते. जास्त वेगाने किंवा एखाद्या कणाच्या आघाताने ते फुटले की तुकडे एक्झॉस्टमध्ये जातात, शाफ्टचा तोल जातो, सील निकामी होते आणि मागे निळ्या धुराचा पडदा लागतो. म्हणून या टर्बोवर ०.९ च्या वर जाऊ नये असे आम्ही लोकांना सांगत आलो आहोत, आणि त्या चाकाचे वय पाहता मी आज ०.८ च म्हणेन.

तुमच्या ईसीयूने थंडीत इंधन तोडले याचा अर्थ दाब तुम्ही ठरवलेल्या ०.९ वर थांबलेला नाही, पुढे गेला आहे. याची कारणे दोन असू शकतात. कंट्रोलर दाब आवरण्यात उशीर करतो, किंवा वेस्टगेट (जादा वायू टर्बोच्या चाकाला वळसा घालून सोडणारी झडप) पूर्ण उघडूनही पुरत नाही. मोकळ्या एक्झॉस्टने टर्बोनंतरचा अडथळा जातो, त्यामुळे तेवढ्याच वायूतून टर्बोला जास्त जोर मिळतो. टर्बोच्या अंगातच असलेल्या वेस्टगेटचे भोक मूळ अरुंद एक्झॉस्टचा हिशेब धरून ठेवलेले असते, ते या जादा वायूला वाट देऊ शकत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कंट्रोलर पूर्ण बाजूला काढा आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरकडचा दाब थेट वेस्टगेटच्या डबीला द्या. डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरने एक खेच घ्या आणि मीटरकडे पाहा. दाब वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या ठरलेल्या आकड्याला पोचून तिथेच राहिला तर दोष कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या नळ्यांमध्ये आहे. फेऱ्या वाढतील तसा दाब हळूहळू चढतच राहिला तर भोक लहान आहे. रस्त्यावर ही चाचणी करू नका. एकतर वेगमर्यादा, आणि दुसरे म्हणजे मीटरवर डोळे ठेवून गाडी चालवणे हे माझ्या मते बूस्टपेक्षा धोकादायक.

हातोडा (नाशिक)

फ्युएल कट डिफेंडरला एवढा विरोध का, ते कोणी सांगेल का? इंटरनेटवर सगळे तोच उपाय सांगतात.

फीलरगेज (पुणे)

सांगायचे राहून गेले होते. ते उपकरण दाबाच्या सेन्सरकडून ईसीयूकडे जाणारा व्होल्टेज एका मर्यादेवर अडवून धरते, म्हणजे दाब १.१ झाला तरी ईसीयूला तो ०.९ च दिसतो. एअरफ्लो मीटरच्या गाडीत पेट्रोलचा हिशेब मुख्यतः वेगळ्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे तिथे एक वेळ निभावते. १जेझेडमध्ये पेट्रोलचा सगळा हिशेब याच दाबावर आहे. त्यालाच खोटे सांगितले की हवा १.१ ची आणि पेट्रोल ०.९ चे जाते, इग्निशनची वेळही ०.९ ची राहते. म्हणजे ज्या क्षणी जास्त पेट्रोल आणि मागे ओढलेली ठिणगी हवी, त्याच क्षणी दोन्ही काढून घेतली जातात. पिस्टनच्या कडा वितळायला याहून सोयीची व्यवस्था नाही.

त्यात पेट्रोलचाही मुद्दा आहे. जपानमध्ये या गाड्यांना ‘हायओकु’ म्हणजे साधारण १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळते आणि ईसीयूचे आकडे त्यावर बेतलेले असतात. तुम्ही ९८ भरता, म्हणजे मुळातच राखीव जागा थोडी कमी आहे. नॉक (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोक) ओळखणारे सेन्सर इग्निशनची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतात, पण त्यांना सांभाळण्यापुरते ठेवावे, रोजच्या कामाला जुंपू नये.

हातोडा (नाशिक)

समजले, धन्यवाद. आपल्याकडे अशी गाडी आणता येईल का, हा विचार मनातून जात नाही.

फीलरगेज (पुणे)

अवांतर आहे म्हणून दोन ओळींत. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे १९९८ ची चेसर विसरा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे.

जुना फिटर (वेलिंग्टन)

न्यूझीलंडमध्ये बदलांना वाव आहे, पण मोकळे रान नाही. ठरावीक मर्यादेपलीकडचे बदल लो व्हॉल्यूम व्हेइकलच्या तपासनिसाकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात, नाहीतर वॉरंट ऑफ फिटनेसला (गाडी रस्त्यासाठी सुरक्षित असल्याच्या ठरावीक तपासणीला) गाडी अडकते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. उदकवारा, तुमच्या गाडीवरचा एक्झॉस्ट किती आवाज करतो तेही एकदा मोजून घ्या.

उदकवारा (ऑकलंड)

निकाल सांगतो.

कॅम कव्हरांचे गॅस्केट, सगळे बूट, तिन्ही वायर आणि एक पायरी थंड प्लग ०.८ गॅपने घातले. भकभकणे पूर्ण गेले. रेलवरचा दाब बूस्टबरोबर नेमका वाढतो, म्हणजे पंप आणि फिल्टर ठीक आहेत. इंजिन सुरळीत चालत असताना वाइडबँडने पूर्ण भारावर ११ च्या आसपास (एक भाग पेट्रोलला अकरा भाग हवा) माप दाखवले.

शेवंती यांनी सांगितलेली साबणाची चाचणीही केली. थ्रॉटलजवळच्या कोपऱ्याच्या नळीवरची क्लॅम्प नळीच्या कडेवर चढलेली होती, तिथून फेस येत होता. ती सरळ केली.

इंधन तुटणे मात्र कायम होते. कंट्रोलर काढून डायनोवर खेच घेतली, तर ४००० ला ०.७ बार आणि ६५०० ला ०.९५ होता. म्हणजे जुन्या फिटरकाकांनी सांगितलेले दुसरे कारण. आता प्रश्न असा की वेस्टगेटचे भोक मोठे करून घ्यावे की एक्झॉस्टमध्ये अडथळा घालावा? की सरळ धातूच्या चाकाचा मोठा टर्बो आणि नवा ईसीयू घ्यावा?

शेवंती (मेलबर्न)

माझे मत अडथळ्याच्या बाजूने. टर्बोनंतरच्या फ्लँजमध्ये लहान भोकाची पोलादी चकती बसवता येते, खर्च नगण्य आहे आणि नको वाटली तर काढता येते. थोडी ताकद जाईल, पण ०.८ वर दाब स्थिर राहिला तर रोजच्या वापरात ती जाणवणार नाही.

जुना फिटर (वेलिंग्टन)

चकती चालते, पण अडवलेली उष्णता टर्बोमध्येच राहते आणि तुमचे चाक सिरॅमिकचे आहे, म्हणून मला ते पटत नाही. मोठा टर्बो घेतला तर इंजेक्टर, क्लच आणि ईसीयू हे सगळे ओघाने येते, आणि त्या खर्चाला शेवट नसतो. रोज वापरायची गाडी असेल तर टर्बो उतरवून भोक मोठे करून घेणे हाच मधला मार्ग.

ते करताना काही गोष्टी पाहा. भोक दोन-तीन मिलिमीटरने वाढवायचे आणि झडपेची चकती त्याच्यावर चारी बाजूंनी पुरेशी बसते ना ते शाईने तपासायचे, नाहीतर बूस्ट उशिरा चढेल. भोकापासून टर्बाइनच्या वाटेकडची भिंत पातळ असते, तिकडे कानस न चालवता बाहेरच्या बाजूला वाढवावे. कापलेला लोखंडाचा चुरा टर्बोच्या कवचात अजिबात राहता कामा नये, कारण सिरॅमिक चाकाला एक कणही पुरे होतो. काम चाक आणि मधला भाग वेगळा करूनच करावे, टर्बो जोडलेला ठेवून नव्हे. टर्बो उतरवलाच आहे तर तेलाच्या आत येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या दोन्ही नळ्या साफ करून घ्या, आणि मॅनिफोल्डचे नट-स्टड नवे घाला. जुने स्टड वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले असतात, ते परत आवळताना तुटले तर अर्धा स्टड हेडमध्ये राहतो आणि मग हेडच उतरवावे लागते. उतरवण्याच्या आदल्या रात्री त्यांच्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि सकाळी इंजिन कोमट असताना सोडवा.